पर्यावरण धोरण शिकायचंय? आधी एक नदी निवडा

पर्यावरण धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द हमखास असतो. वर्गात त्याचा अर्थ असा निघतो, की एका बाजूला केमिस्ट्रीची बी.एस्सी. बसलेली असते, दुसऱ्या बाजूला सिव्हिल इंजिनिअर, मागे एलएल.बी. झालेला आणि पुढे राज्यशास्त्रातली बी.ए. पहिलं सत्र संपेपर्यंत चौघांनाही वाटत असतं, की आपण सोडून बाकीच्यांना सगळं येतंय. हा लेख त्या चौघांसाठी, आणि अजून अर्जच न भरलेल्यांसाठी.

या शिक्षणातला खरा धोका नापास होण्याचा नाही. दोन वर्षांनी कायद्याचं थोडं, अर्थशास्त्राचं थोडं, परिसंस्थेचं थोडं अशी ओंजळभर माहिती घेऊन बाहेर पडायचं आणि कुठल्याच टेबलावर ठामपणे बोलता येऊ नये, हा धोका आहे. त्यावर मला पटलेला उपाय एकच. पहिल्या दिवसापासून नाव-गाव असलेला एक खरा प्रश्न जवळ ठेवायचा आणि शिकवलेला प्रत्येक विषय त्याच्यावर घासून बघायचा. ‘हवामानबदल’ हा असा प्रश्न नव्हे, ‘पाणीप्रदूषण’ही नव्हे. पंचगंगा हा प्रश्न आहे. चंद्रपूरची हवा, तुमच्या तालुक्यातली खडीक्रशरची रांग, वाशिष्ठीच्या खाडीतली मासेमारी हेही चालतील. पुढे मी पंचगंगेचं उदाहरण घेतो, कारण तिच्यात या अभ्यासक्रमातले जवळजवळ सगळे पेपर मावतात.

पायरी १ : अर्ज भरण्याआधी प्रश्नाची वही काढा

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते. नदी लहान, पण वाटेत कोल्हापूर शहराचं मैलापाणी वाहून आणणारा जयंती नाला आहे, साखर कारखाने आहेत, इचलकरंजीचे कापडावर प्रक्रिया करणारे प्रोसेस हाऊस आणि काळा ओढा आहे. मध्ये कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी उन्हाळ्याच्या आसपास पुन्हा पुन्हा येते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. याच नदीने २०१९ आणि २०२१ मध्ये महापूरही दाखवला. इचलकरंजीने दुसरीकडून पाणी आणायचं ठरवलं, तेव्हा आधी वारणाकाठ आणि मग दूधगंगाकाठ विरोधात उभा राहिला.

एवढं लिहिलं की वहीत पुढचा प्रश्न लिहा: याला जबाबदार खातं कुठलं? बंधारे आणि बरगे जलसंपदा विभागाकडे. शहराचं सांडपाणी महापालिकेकडे. काठच्या गावांचं सांडपाणी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडे. कारखान्यांची संमतीपत्रं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गाळप हंगामाचा निर्णय पुण्या-मुंबईत. मासे मेल्यावर फोन मात्र जिल्हाधिकाऱ्यांना. धोरण हा विषय इथून सुरू होतो. नदी एक आहे आणि तिचा एकही मालक नाही.

ही वही अर्जात लगेच उपयोगी पडते. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारे उद्देशपत्र निवड समितीने शेकड्याने वाचलेले असतात. ‘बरगे काढण्याचं वेळापत्रक आणि कारखान्यांचा हंगाम एकमेकांशी जोडून पाहिला तर मासे मरण्याचं कारण कितपत कळेल, हे मला शोधायचंय’ असं लिहिणारा उमेदवार मुलाखतीपर्यंत लक्षात राहतो.

पायरी २ : संस्था निवडताना नावापेक्षा वेळापत्रक वाचा

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पर्यावरण, हवामानबदल आणि शाश्वतता या विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी. करता येतं. कल समाजशास्त्राकडे असतो, आणि प्रवेश अलीकडे सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेमार्गे होतात. आयआयटी मुंबईत १९८५ साली सुरू झालेलं सितारा हे केंद्र तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. देतं. तिथे विद्यार्थ्याला काही आठवडे गावात राहून काम करावं लागतं, आणि माझ्या मते त्या अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे. त्याच आवारात सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी देणारं केंद्र आहे आणि हवामान अभ्यासाचं वेगळं केंद्रही आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था विज्ञानाच्या अंगाने जाते. दिल्लीत आंबेडकर विद्यापीठाची पर्यावरण आणि विकास या विषयातली एम.ए. आणि टेरीचं विद्यापीठ, बिहारमध्ये राजगीरला नालंदा विद्यापीठाचं परिसंस्था आणि पर्यावरण विषयाचं विद्यालय, आणि पीएच.डी.साठी बंगळुरूची अत्री ही संस्था, एवढी नावं सुरुवातीला पुरेत.

यातून निवडताना क्रमवारी बघू नका, तीन गोष्टी विचारा. सक्तीचे विषय किती आणि ऐच्छिक किती? क्षेत्रकार्य किती आठवड्यांचं आणि त्याला गुण किती? आणि शिकवणारे कायमचे कोण आहेत, पाहुणे कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात सापडणार नाही. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना फोन करा. ‘आंतरविद्याशाखीय’ नाव लावून प्रत्यक्षात पाच विभागांतून पाच पेपर उसने घेतलेले अभ्यासक्रमही आहेत. तिथे जोडण्याचं काम तुमच्यावर टाकलेलं असतं आणि ते कुणी शिकवत नाही.

परदेशी जायचं असेल तर ब्रिटनमधला अभ्यासक्रम सहसा एका वर्षाचा असतो, अमेरिकेतला दोन. अमेरिकेत बर्कले विद्यापीठाचा ऊर्जा आणि संसाधन गट १९७३ पासून भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञांना एकाच वर्गात बसवतो. या पद्धतीचा तो जुना आणि चांगला नमुना. एका वर्षाच्या पदवीत प्रश्न शोधायला वेळच मिळत नाही, तो सोबत घेऊनच जावं लागतं.

पायरी ३ : पैशाचा हिशेब

हे थोडक्यात. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे पदवी झाल्या झाल्या तिच्यामागे लागू नका. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करते, पण ती कर्जशिष्यवृत्ती आहे, परत करायची असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. पीएच.डी. करणाऱ्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर डोळा ठेवावा. अटी आणि मुदती दरवर्षी बदलतात, म्हणून मित्राने पाठवलेली जुनी पीडीएफ पाहून कागद गोळा करू नका, चालू वर्षाची जाहिरात उघडा. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर यांना जो वेळ लागतो तो प्रवेशपत्राला लागत नाही. ते आधी काढून ठेवा.

पायरी ४ : वर्ग सुरू होण्याआधी आपली लंगडी बाजू ओळखा

विज्ञानातून येणाऱ्यांना कायदा आणि समाजशास्त्र सोपं वाटतं, कारण त्यात गणित नसतं. पहिला निबंध परत मिळाला की हा समज जातो. कला शाखेतून येणाऱ्यांना सांख्यिकीची भीती वाटते, आणि ती मात्र महिनाभरात जाऊ शकते. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि साधं समाश्रयण (रिग्रेशन) एवढं जमलं तरी पहिलं सत्र निभावतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. तुमच्या नदीचं पाणलोट क्षेत्र स्वतःच्या हाताने नकाशावर आखून बघा. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरपर्यंत बारकावा दाखवणारी चित्रंही मोफत मिळतात, त्यात जलपर्णीचा हिरवा पट्टा ओळखू येतो.

विज्ञान न शिकलेल्यांनी निदान बीओडी ही एक गोष्ट मुळापासून समजून घ्यावी. पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतील, त्याचं हे माप. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. सार्वजनिक स्नानाच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम. आता हे वहीतल्या नदीला लावा. मासे एका रात्रीत मरतात. नमुना दुसऱ्या दिवशी घेतला तर घाणीचा लोंढा पुढे गेलेला असतो, आणि अहवाल त्यानंतर आणखी तीन दिवसांनी येतो. मंडळाच्या नियमित देखरेखीतला नमुना ठरावीक तारखेला घेतात. त्या तारखेला बरगे काढलेले असले तर आकडे बरे दिसतात. म्हणजे आकडेवारी खोटी नसतानाही नदीबद्दल चुकीचं चित्र उभं राहू शकतं. हे रसायनशास्त्र आहे, सांख्यिकी आहे आणि प्रशासनही आहे, आणि तिन्ही एका परिच्छेदात आले.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वर्ग इंग्रजीत चालतो, पहिले काही आठवडे जड जातात, हे खरं आहे. पण ग्रामसभेचं इतिवृत्त, शासन निर्णय, जिल्हा आवृत्तीतली बातमी, सातबाऱ्यावरचा शेरा आणि जनसुनावणीतलं भाषण हा कच्चा माल मराठीत आहे. दिल्लीहून आलेल्या हुशार वर्गमित्राला तो उघडत नाही. चर्चासत्रात तो टेबलावर ठेवायला लागा, इंग्रजी मागाहून येईल.

पायरी ५ : कायदा वाचायला शिका, आणि त्याची उतरंड लक्षात ठेवा

इथे जास्त वेळ घालवा. नवख्यांची सगळ्यात जास्त तारांबळ इथेच उडते.

अधिनियम विधिमंडळ किंवा संसद करते. नियम त्याखाली सरकार करतं. अधिसूचना राजपत्रात येते. कार्यालयीन ज्ञापन हे खात्याचं पत्र असतं, आणि शासन निर्णय राज्याच्या विभागाचा. पाचही कागदांवर मोहर दिसते, पण वजन सारखं नसतं. निबंधात ‘कायद्याने असं सांगितलंय’ असं लिहिताना कुठला कागद ते लिहिलंच पाहिजे.

जल प्रदूषण अधिनियम १९७४चा. पाणी हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे राज्यांच्या विधानसभांनी ठराव करून मग संसदेने तो राज्यघटनेच्या कलम २५२ खाली केला. हवेचा १९८१चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६चा अधिनियम मात्र १९७२च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेचा आधार घेऊन, आंतरराष्ट्रीय निर्णय अमलात आणण्यासाठीच्या कलम २५३ खाली आले. तिथे राज्यांची संमती लागली नाही. हा फरक परीक्षेपुरता नाही. केंद्र आणि राज्य यांच्यात आज जी ओढाताण दिसते, तिचं एक मूळ इथे आहे. महाराष्ट्राने तर १९६९ सालीच स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केलं होतं, म्हणजे केंद्राच्या आधी. राज्यघटनेतलं ४८-क आणि ५१-क (छ) ही कलमं १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आली.

कायदा वाचायची माझी पद्धत साधी आहे. आधी व्याख्यांचं कलम, मग अधिकार कुणाला, मग शिक्षा काय, आणि शेवटी सूट कुणाला. सूट वाचल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही. धोरणाचा जीव बहुतेक वेळा तिथे असतो. मग शोधा की तो अधिकार प्रत्यक्ष कधी वापरला. जल अधिनियमाच्या कलम ३३-क खाली मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकतं. तुमच्या नदीवर असे आदेश कुणाला निघाले, किती दिवसांत मागे घेतले गेले, ही यादी बनवणं हा पहिल्या सत्राचा उत्तम गृहपाठ आहे.

आणि तारीख तपासा. आधी बांधकाम, मग पर्यावरण मंजुरी, हा प्रकार घ्या. २०१७ची अधिसूचना आणि २०२१चं ज्ञापन यांनी त्याला वाट करून दिली होती. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी दोन्ही रद्द केली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकालच मागे घेतला. त्या वर्षी जूनमध्ये निबंध लिहिणाऱ्याचा निष्कर्ष डिसेंबरात उभा राहत नव्हता.

पायरी ६ : अर्थशास्त्राला शत्रू मानू नका, त्याची गृहीतकं पकडा

चळवळीतून आलेले विद्यार्थी अर्थशास्त्राच्या तासाला हाताची घडी घालून बसतात. त्यात त्यांचंच नुकसान होतं. एक आकडेमोड करून बघा. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत किती? वटावाचा दर, म्हणजे पुढची रक्कम आजच्या किमतीत आणताना दरवर्षी कापायचा दर, १.४ टक्के धरला तर सुमारे २५ रुपये. ५ टक्के धरला तर सुमारे ७६ पैसे. नुकसान तेच, शतक तेच. बदलला तो फक्त दर, आणि तो दर कुणीतरी निवडलेला असतो. प्रकल्प अहवालात हा आकडा कुठे लपलाय ते शोधता आलं, की अर्थतज्ज्ञाशी बोलताना तुम्ही घोषणा देत नाही, प्रश्न विचारता.

उलट बाजूही बघा. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या धुरातल्या सूक्ष्मकणांसाठी परवान्यांचा बाजार चालवला गेला: जास्त धूर सोडणाऱ्याने कमी सोडणाऱ्याकडून परवाने विकत घ्यायचे. सूक्ष्मकणांसाठी असा बाजार जगात पहिलाच. काही कारखाने चिठ्ठ्या टाकून बाजारात घेतले, काही जुन्याच नियमांखाली ठेवले, त्यामुळे तुलना नीट करता आली. बाजारातल्या कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी निघालं. आता वहीकडे वळा. असा बाजार पंचगंगेवर चालेल का? धुराड्यावर चोवीस तास मोजणारं यंत्र बसवता येतं. गावोगावच्या ओढ्यांतून येणाऱ्या सांडपाण्यावर कुठे बसवणार? आणि इचलकरंजीतला कारखानदार परवाना विकत घेऊन जास्त घाण सोडायला लागला, तर खालच्या शिरोळ तालुक्यातल्या गावाला त्याच्या पैशाचा काय उपयोग? हवा आणि नदी यांत हा फरक आहे: नदीला वरचं गाव आणि खालचं गाव असतं.

पायरी ७ : एकाच डोंगराचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचा

आंतरविद्याशाखीय वाद म्हणजे काय ते समजायला सह्याद्रीसारखं उदाहरण नाही. पश्चिम घाटाचं संरक्षण कसं करायचं ते सांगायला केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची समिती मार्च २०१० मध्ये नेमली, अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये गेला. तो मे २०१२ पर्यंत लोकांसमोर आला नाही. माहितीच्या अधिकारातला अर्ज, माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल इतकं सगळं लागलं. त्यानंतर कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला आणि त्याने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला.

दोन्ही अहवालांतल्या पद्धतीच्या प्रकरणापासून सुरुवात करा, शिफारशी मागून वाचा. गाडगीळ समितीने घाटाचं क्षेत्र सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर धरलं, साधारण नऊ-नऊ किलोमीटरच्या चौकटी पाडल्या आणि संपूर्ण घाटच संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले. कस्तुरीरंगन गटाने क्षेत्रच १ लाख ६४ हजारांच्या वर धरलं, उपग्रहचित्रांवरून ‘सांस्कृतिक’ आणि ‘नैसर्गिक’ भूप्रदेश वेगळे केले, गाव हे एकक घेतलं आणि सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. म्हणजे घाट कुठे सुरू होतो यावरच एकमत नाही! मग टक्केवारीची तुलना करून ‘अमक्याने कमी केलं’ असं म्हणणं घाईचं ठरतं. शेती आणि माणसांची वस्ती असलेली जमीन निसर्गातून वजा करायची की त्यातच धरायची, हा प्रश्न उपग्रह सोडवत नाही. आणि स्तर ठरवण्यात ग्रामसभेचं म्हणणं किती मोजायचं, हा तिसराच प्रश्न.

वर्गात हा सराव गटाने करा, पण भूमिका उलटसुलट वाटा. परिसंस्थावाल्याने महसूल अधिकारी व्हायचं, वकिलाने नकाशा बनवायचा, इंजिनिअरने सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदाराची बाजू मांडायची. पुढे काय झालं तेही बघा: मार्च २०१४ पासून घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणारी मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिली, सहावी ३१ जुलै २०२४ रोजी. शास्त्र पुरेसं असतानाही निर्णय का अडतो, हे विचारायला लागलात की धोरणाचे विद्यार्थी झालात.

पायरी ८ : क्षेत्रकार्य, जनसुनावणी आणि माहिती अधिकार

निदान एका जनसुनावणीला पूर्ण वेळ बसा. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. निदान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही, दहा माणसं आली तरी सुनावणी झालीच. तिथे मतदान होत नाही, मंजुरीही तिथे ठरत नाही. कामकाजाचा सारांश शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. नेमक्या त्याच वेळी मंडप रिकामा होतो, म्हणून शेवटपर्यंत थांबा आणि वाचलेलं आपल्या टिपणाशी ताडून बघा. कोण बोललं ते सगळे लिहितात. कोण आलंच नाही, बायका कुठे बसल्या होत्या, माईक कुणाच्या हातात होता, हेही लिहा. इंग्रजी अहवाल आणि मराठी सारांश दोन्ही आधी वाचून जा. सारांशात काय गाळलंय, यावर एक चांगला सेमिनार होतो.

कागदपत्रांसाठी माहितीचा अधिकार आहेच, पण महाराष्ट्रातल्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. ‘पंचगंगा प्रदूषणाबाबतची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज फेटाळायला सोपा. ‘अमुक बंधाऱ्याचे बरगे काढल्या-घातल्याच्या नोंदवहीची अमुक दोन वर्षांची प्रत’ असा मागा. उत्तराला ३० दिवस, मग अपील. प्रबंधाचं वेळापत्रक त्या हिशेबाने आखा. अर्जाआधी संकेतस्थळं धुंडाळा. संमतीपत्रं, मंजुरीची कागदपत्रं आणि पाण्याचे आकडे यांतलं बरंच काही तिथेच पडलेलं असतं.

गावात जाताना संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्या, आणि ती कागदापुरती ठेवू नका. कारखान्यातला कामगार तुम्हाला रात्री नाला कधी सोडतात ते सांगेल. त्याचं नाव तुमच्या वहीत असण्याची गरज नाही. ‘साहेब, तुम्ही आलात म्हणजे आता काहीतरी होणार’ असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे सांगा की तुम्ही विद्यार्थी आहात आणि तुमच्या हातात काही नाही.

काम झालेली गावंही बघा, नुसती बिघडलेली नकोत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर गाडं अडलं ते एप्रिल २०११ पर्यंत. तेव्हा केंद्रीय मंत्री गावात आले आणि परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. हक्क मिळणं आणि हक्क चालणं यांच्यात एका पावतीपुस्तकाचं अंतर होतं. प्रबंधासाठी अशा जागा शोधा.

पायरी ९ : प्रबंध आणि मार्गदर्शक

प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात, क्रियापदासकट लिहिता आला पाहिजे. ‘पंचगंगा प्रदूषण: एक अभ्यास’ हे शीर्षक झालं. ‘गेल्या दहा वर्षांत बंद करण्याचे आदेश निघालेल्या कारखान्यांपैकी कुठले पुन्हा सुरू झाले आणि कुठल्या अटींवर?’ हा प्रश्न झाला. दोन मार्गदर्शक घ्या, एक तुमच्या मूळ शाखेतला आणि एक परका. मूळ शाखेतला तुमचं कौशल्य पातळ होऊ देणार नाही. परका भाबडे प्रश्न विचारेल, आणि तेच कामाचे असतात. पण दोघांना सुरुवातीलाच एका खोलीत बसवून पद्धत पक्की करा, नाहीतर शेवटच्या महिन्यात एक म्हणेल नमुना लहान आहे आणि दुसरा म्हणेल मुलाखती कमी आहेत. एक पद्धत खोल, दुसरी आधाराला. यापेक्षा जास्त दोन वर्षांत पेलत नाही. संदर्भांची नोंद झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या आठवड्यापासून ठेवा.

पायरी १० : नोकरीचं काय?

‘पर्यावरण धोरण तज्ज्ञ’ नावाची जागा जाहिरातीत क्वचित दिसते. कामं मात्र आहेत, वेगळ्या नावांनी. सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे सल्लागार कंपन्यांत माणसं लागतात. पैसे बरे, काम बरंचसं तक्ते भरण्याचं. आघात मूल्यांकनाच्या सल्लागार संस्थांना नॅबेट या मंडळाची मान्यता लागते आणि तिथे प्रत्येक क्षेत्राला तज्ज्ञ ठरलेला असतो, म्हणून तुमची मूळ पदवी विचारतात. पुण्याची प्रयास, दिल्लीतली विज्ञान आणि पर्यावरण केंद्र किंवा सीईईडब्ल्यू यांसारख्या संस्थांत लिहिता आणि मोजता येणारी माणसं हवी असतात. तिथे अर्ज करताना शिफारसपत्रांपेक्षा चार पानी धोरणटिपण जास्त बोलतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि इतर सरकारी भरतीत पदवीची अट शब्दशः बघतात. ‘पर्यावरणशास्त्र’ मागितलं असेल तर ‘पर्यावरण आणि विकास’ चालेलच असं नाही, तेव्हा प्रवेश घेण्याआधीच जुन्या जाहिराती काढून पदवीचं नाव ताडून बघा. प्राध्यापकी करायची असेल तर यूजीसी-नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. पण त्याचा अभ्यासक्रम विज्ञानाकडे झुकलेला आहे, कला शाखेतून आलेल्यांनी त्याची तयारी पहिल्या वर्षापासून वेगळी करावी.

इंटर्नशिपला पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या नावाच्या संस्थेऐवजी जिथे फाइल हाताळायला मिळेल तिथे जा: महापालिकेचा पर्यावरण विभाग, जिल्हा परिषदेचा पाणी आणि स्वच्छता कक्ष, एखाद्या पर्यावरण वकिलाचं कार्यालय. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. मंजुरीविरुद्ध तिथे अपील करायला ३० दिवसांची मुदत असते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत वाढते. ते दिवस मोजत रात्री याचिकेची परिशिष्टं लावणाऱ्या ज्युनिअर वकिलाशेजारी उन्हाळाभर बसायला मिळालं, तर मानधन विचारू नका. प्रवासखर्च मात्र मागून घ्या.